आजींची तक्रार

"उद्याही बस इथूनच का गं?" आजींनी खिडकीतूनच विचारलं.

"इथूनच, आजी. पुलाचं काम होईपर्यंत दुसरा इलाज नाही." पत्रकवालीनं ओशाळून कागद पुढे केला.

पुलाच्या कामाची खबर घरोघर पोचवायची, ही तिची नोकरी. नोकरी कसली, शिव्या खायचा मक्ताच! तिला बघितलं की गल्लीतली दारं धाडधाड लागायची. आजींची खिडकी तेवढी उघडी असायची.

आजींनी आवाज म्हणून कधी चढवला नाही. नुसतं विचारायच्या. रविवारी बस असते का? काम लवकर संपेल म्हणतात, खरं का?

एकच बस, पण दिवसभर तिच्या फेऱ्या. गल्ली एवढी अरुंद की वळणावर ती आजींच्या खिडकीशी थबकायची, मग भिंतीला घासत पुढे जायची. कपाटातली भांडी थरथरायची, धूळ सरळ घरात. आजी मात्र केस विंचरून, लख्ख पुसलेल्या काचेशी बसलेल्या.

"अहो, खिडकी तरी लावून घ्या!"

"असू दे. सवय झालीय आता."

पत्रकवालीचा जीव तुटायचा. तिची आईही अशीच, सोसेल पण बोलणार नाही.

ऑफिसात रीत होती, एकच प्रश्न तीनदा आला की ती तक्रार धरायची. तिनं धरली, आणि साहेबांच्या कानाशी भुणभुण लावली.

"एका म्हातारीसाठी बस फिरवू?" साहेब वैतागले.

"फिरवा!" ही हटूनच बसली. महिनाभरानं साहेबांनी हात टेकले. बस मागच्या रस्त्यानं जाणार, असं ठरलं.

ती धावतच गल्लीत आली. "आजी, सुटलात एकदाच्या! उद्यापासून इथली बस बंद!"

तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. बस आली, खिडकीशी थबकली. ड्रायव्हर सरळ समोर बघत होता. आजींचा हात अर्धवट वर गेला आणि तसाच राहिला. बस निघून गेली.

"आजी? आनंद नाही झाला?"

"झाला गं. माझ्यासाठी एवढी भांडलीस, पोरी." आजी काचेवरची धूळ हातानं पुसत राहिल्या. "घर सोडताना म्हणाला होता, तुझं तोंड बघणार नाही. नाहीच बघायचा. पण मला तर दिसायचा ना माझा लेक."