कामदाराची बढती

जगदेव सकाळपासून दारात बसत होता अन् उठत होता. चपला घालायच्या, वेशीपर्यंत जायचं, मालेगावचा रस्ता पाहायचा, परत यायचं. बूड म्हणून टेकत नव्हतं.

"काहून जी, अशा येरझारा घालून राह्यले?" चुलीपुढून गोजराबाई म्हणाली. "सायब काय तुमाले पाह्यले येऊन राह्यले? ते कामदाराचं काम पाह्यले येऊन राह्यले."

"म्हणूनच तं मले चैन नाई. आज झालं तं झालं. नाई तं पेरणी आली डोक्यावर."

काम एकच होतं. शेतकी खात्याचे कामदार मारोतराव यांना बढती मिळवून द्यायची अन् गावातून घालवायचं.

मारोतराव वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. जगदेवचा बैल फुगला तेव्हा हाच माणूस अन्नपाणी सोडून त्याच्यापाशी बसून राहिला होता. पण त्यानं जगदेवचं विहिरीजवळचं वावर खात्याच्या नमुन्यासाठी मागून घेतलं. "एक हंगाम द्या, भाऊ," म्हणाला, आणि मग ते सुटेचना. दोरी लावून पेरायचं. उगवलं की रोपं उपटून गावाला मुळं दाखवायची. दाखवून दाखवून वावरात कापायला काही उरायचं नाही. त्यात हाडांचं खत! ते पडलं त्या दिवसापासून गोजराबाईनं तिथं नैवेद्य ठेवणं सोडलं. तिकडून आली की डोक्यावरून अंघोळ करायची. गावातलं सगळ्यात चांगलं वावर असं गेलेलं, अन् घरच्या ज्वारीला खडकाळ टेकाड.

तक्रार करावी, तर शिरपूरकडच्या एका गावानं तेही करून पाहिलं होतं. त्यांनी त्यांच्या कामदाराविरुद्ध अर्ज दिला. चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत कामदाराला हलवता येत नव्हतं, अन् चौकशी काही संपत नव्हती. कामदार तिथंच बसलेला, वरून रुसलेला.

"आपुन उलटं करू," तांड्यावरचा लखीराम म्हणाला होता. त्याचं अन् जगदेवचं वावर धुऱ्याला धुरा लागून होतं. "तारीफ करा. बम तारीफ करा. चांगला माणूस खातं खेड्यात ठेवत नाई, वर नेते."

गावाला हे पटलं. कोणी काय बोलायचं तेही ठरलं. धाक होता तो फक्त गोजराबाईच्या तोंडाचा.

दुपारी साहेबांची बैलांची दमणी वेशीत शिरली. मारोतराव पुढं धावत आले. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली, घामानं निथळत होते. त्यांनी जगदेवला बाजूला ओढलं.

"भाऊ, सांभाळून घ्या. गावानं काई वाकडं सांगतलं तं माही नोकरी जाईन."

"तुमी कायले घोर करता? आमी हाओत ना," जगदेव म्हणाला, अन् त्याला स्वतःची लाज वाटली. मग विहिरीजवळची काळी माती डोळ्यांपुढं आली अन् लाज पार गेली.

पानसुपारी झाली. साहेबांनी विचारलं, "कामदाराबद्दल गावाचं म्हणणं काय?"

लखीराम उठला. "सायब, यायनं आमाले माणसात आणलं. आमी नुसतं ढेकळं फोडत होतो."

"आमी आंधळे होतो," जगदेव म्हणाला. "माह्या वावराले यायचा हात लागला, अन् वावर हासू लागलं, सायब! असा माणूस भेटणार नाई." बोलता बोलता त्याला असा जोर चढला की थांबावं कुठं तेच कळेना. मारोतराव खाली मान घालून डोळे पुसत होते.

साहेब दाराआड उभ्या गोजराबाईकडे वळले. "बाई, हाडांच्या खताचा विटाळ मानत असाल तुम्ही?"

लखीरामनं तोंडातली सुपारी चावायची थांबवली. गोजराबाईनं पदर पुढं ओढला.

"विटाळ कायचा जी? वावराचं सोनं झालं."

शाबास माय! मालेगावच्या बाजारातून हिला लुगडं आणायचं, असं जगदेवनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

साहेब खूश झाले. "एवढा जीव लावणारं गाव मी पाहिलं नाही. मारोतराव, तुम्हाला बढती. आजपासून तुम्ही जमादार."

टाळ्या पडल्या. जगदेवच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. या हंगामाला आपली तिफन, आपली ज्वारी, आपल्या हातानं. त्यानं होईल तेवढा चेहरा पाडला.

"म्हंजे आता लांब जातीन, सायब? अकोल्याले?"

"छे! तुमची अन् यांची ताटातूट करायला मी काय कसाई आहे?" साहेब हसले. "सरकारी बियाण्याचा फार्म मालेगावला काढणार होतो, तो आता इथंच. तुमचं विहिरीजवळचं वावर अन् लखीरामचं, दोन्ही सरकार लांब मुदतीच्या पट्ट्यानं घेईल. जमादार फार्मावरच राहतील." मारोतरावांनी पुढं होऊन जगदेवला घट्ट मिठी मारली. "भाऊ, पेरणीच्या आधी बायकोलेकरं घेऊन येतो. आता मले इथून जमराजबी हालवत नाई!"