चौथ्या पानावरचं शून्य

बाबांची लाल पेन्सिल चौथ्या पानावर थांबली.

पेन्सिलीचा आवाज बंद झाला म्हणून तिच्या ते लक्षात आलं. रोज ऑफिस उघडलं की ती कपाटातली एखादी जुनी फाइल, रिटर्न कधीच भरून झालेली, बाबांपुढे ठेवायची आणि तपासा म्हणायची. पस्तीस वर्षं लोकांचे रिटर्न भरलेला माणूस. सकाळी काय खाल्लं ते आता आठवत नसे, पण आकडे दिसले की हात बरोबर चालायचा. ओळ, टिक. ओळ, टिक. तेवढा वेळ तिला काम करता यायचं, आणि काम तर गळ्यापर्यंत आलं होतं. शेवटची तारीख चार दिवसांवर. आयकराची साइट मेली दर दहा मिनिटांनी बंद पडत होती. बाहेरच्या बाकावर चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि बेकरीवाल्या मावशी कागदांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते.

"इथे टिक बसत नाही," बाबा म्हणाले.

"राहू द्या हो बाबा. जुनी फाइल आहे ती."

"मागे भट्टीचं बिल जोडलंय. मग यंत्रांच्या रकान्यात शून्य कसं?"

ती उठून त्यांच्या टेबलाशी गेली. फाइल बेकरीवाल्या मावशींचीच होती, तीन वर्षांपूर्वीची. आज त्या येणार म्हणून कालच तिने ती वर काढून ठेवली होती, आणि सकाळच्या घाईत हाताला लागली तीच बाबांना दिली होती. बिल होतं, नव्या भट्टीचं, दुकानाच्या शिक्क्यासकट. त्यावर करात चांगली घसघशीत सूट मिळाली असती, पण त्या एकाच वर्षी. रिटर्न दुरुस्त करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

ते वर्ष तिला नीट आठवत होतं. कराचा आकडा ऐकून मावशी म्हणाल्या होत्या, "मॅडम, माझ्या गणितानं एवढा येत नाही हो." आणि ती हसून म्हणाली होती, "मावशी, तुमचं गणित भट्टीपाशी ठेवा, कायद्याचं मी बघते." मावशीही बिचाऱ्या हसल्या होत्या. महिन्याभरात त्यांनी पीठ मळणारा माणूस कमी केला. तेव्हापासून स्वतःच मळत होत्या.

"कोणी केलंय हे?" बाबांनी विचारलं.

"आहे एक. नवीन कारकून."

"काढून नको टाकूस त्याला." बाबांनी शून्याभोवती लाल गोल केला. "ज्याचं नुकसान केलं, त्याच्यासमोर बसव. स्वतःच्या तोंडानं सांगू दे. मी बसलोय एकदा. पुन्हा जन्मात तशी चूक झाली नाही." मग ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आज चहा नाही का गं?"

झालं. विसरले.

तिने चहा दिला. बाबांनी कप दोन्ही हातांत धरला तसं तिने रबर घेऊन तो गोल खोडून टाकला. लाल पेन्सिल पुरती जात नाही; कागदावर गुलाबी डाग राहिला. बाहेरच्या पाटीवर अजून बाबांचंच नाव होतं. ही गोष्ट एकदा बाहेर पोचली की बाक रिकामं व्हायला कितीसा वेळ? असं ती स्वतःला समजावत होती, आणि तिला स्वतःची लाज वाटत होती.

"ती द्या बाबा, दुसरी देते."

"अर्धी तपासलेली फाइल मी सोडत नसतो," बाबा म्हणाले आणि पहिल्या पानापासून, स्वतःच्याच टिकांवरून पुन्हा पेन्सिल फिरवू लागले.

चष्मेवाल्यांचं काम कसंबसं उरकलं. मावशी आत आल्या. कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई, साहेब अजून तपासतात? मग आम्हाला कसली काळजी!"

बाबा कोणाकडेही बघून हसावं तसं हसले.

मावशींनी पिशवी डाव्या हाताने पुढे सरकवली. उजव्या मनगटाला रुंद पट्टा होता. "गाठ तेवढी तुम्हीच सोडा, मॅडम. या हातात जोर म्हणून राहिला नाही बघा."

ती गाठ सोडू लागली. मागे पेन्सिल चालली होती. ओळ, टिक. ओळ, टिक. मग थांबली.

"इथे टिक बसत नाही," बाबा म्हणाले. "भट्टीचं बिल मागे जोडलंय. कोणी केलंय हे?"

मावशींनी वळून पाहिलं. गाठ तिच्या बोटांत तशीच अर्धवट राहिली. नवीन कारकून म्हणायला एक क्षण पुरला असता. आणि उद्या काय, परवा काय, बाबा त्या पानाशी आले की पुन्हा थांबणारच होते.

"मी केलंय, बाबा."

बाबांनी मान वर केली. तिला ओळखलं की नाही, कळलं नाही. "मग ज्याचं नुकसान केलंस, त्याच्यासमोर जाऊन बस."

"बसलेय," ती म्हणाली.

तिने उठून फाइल आणली, मावशींना वाचता येईल अशी फिरवून ठेवली आणि शून्यावर बोट ठेवलं. मग सगळं सांगितलं. बिल, सूट, उलटलेली मुदत. सरकारकडून आता काही मिळणार नाही, जे गेलं ते मी भरून देईन, म्हणाली. मघाशी खोडलेला गोलही सांगितला.

मावशी त्या पानावर वाकल्या. पट्टा बांधलेला हात त्यांनी हळूच उचलून गुलाबी डागावर ठेवला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझं गणित बरोबर होतं."