सुतकाचं घर

दुपार झाली तरी शाळेच्या व्हरांड्यातली शेगडी थंडच होती. टाळेबंदीत रस्त्यावरची माणसं पालिकेने या शाळेत आणून ठेवली, तेव्हापासून त्यांच्या जेवणाचं बाबाच बघायचे. परवा बाबा कोरोनाने गेले. मी फक्त शाळेच्या किल्ल्या परत करायला आले होते.

"धान्य संपलं का?" मी विचारलं.

"भरपूर हाय." सारं आयुष्य पुलाखाली काढलेल्या कौतिकबाईंनी मास्क नाकावर ओढला. "पर घरातलं माणूस गेलंय, ताई. तीन दिस चूल पेटवायची नसती. येवढं बी कळंना व्हय?"

"मग सगळ्यांनी उपाशी राहायचं?"

"उपाशी कशापायी? शेजारीपाजारी आणून देत्यात की."

"शेजारी!" भिंतीला टेकलेले एक म्हातारबाबा हसले. "समोरच्या बंगल्यानं तर आपल्याला हाकला म्हणून अर्ज दिलाय."

आमच्या दाराशी कुणी पिठलंभात आणला नव्हता. सकाळी मीच गॅस पेटवून चहा केला होता, आणि त्यात काही चुकलं हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

किल्ल्या पर्समध्ये टाकून मी रस्ता ओलांडला आणि समोरच्या बंगल्याची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"आमच्या घरी सुतक आहे," शाळेकडे बोट दाखवत मी म्हटलं. "जेवण पाठवाल का? माणसं जरा जास्त आहेत."