कपची कशाची?

शालिनीच्या सासूबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. हातोडा बसला आणि कपची उडाली ती थेट जवळ खेळणाऱ्या नातीच्या डोळ्यात.

"हातोड्याचं लोखंड असेल तर विजेच्या चुंबकानं निघेल," नगरचे डॉक्टर म्हणाले. "दगड असेल तर डोळा जाईल."

"हात न लावता कसं वढंल गं त्ये?" सासूबाईंनी विचारलं.

"तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की आतला दांडा चुंबक होतो, आत्याबाई. वीज आहे तोवरच ओढतो," म्हणत शालिनीनं लेकीचं डोकं घट्ट धरलं.

डॉक्टरांनी चुंबक डोळ्याजवळ आणून बटण दाबलं. कपची हलली नाही.

"वीज गेली का हो?" शालिनीनं विचारलं.



तिच्या बांगडीतली सेफ्टी पिन चुंबकाकडे ताठ उभी होती.