अर्ध्या तासाची बदली

"काका, गेटवर दुसरं कुणीतरी उभं राहील, तुम्ही चला," एचआरच्या तनुजा मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि ज्योतीरामनं तिसऱ्यांदा मान हलवली. "न्हाई मॅडम. जमायचं न्हाई."

चाकणच्या त्या कंपनीत गेटवर उभं राहून त्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत 'ओ सिक्युरिटी' हेच त्याचं नाव. आज मात्र कारगिलचा विजय दिवस, म्हणून सकाळपासून जो तो त्याला 'सर' म्हणत होता. कँटीनच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, ताटात शाल-श्रीफळ तयार होतं, आणि त्याच्या ओळखपत्रावरचा बारकासा फोटो फुगवून दाराएवढ्या फ्लेक्सवर चढवला होता. खाली अक्षरं होती, 'एकट्यानं चौकी राखणारा वीर'.

असं त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एचआरच्या फॉर्मवर त्यानं एकच ओळ लिहिली होती. चौकीवर तोफांचा मारा झाला तेव्हा त्याची नेमणूक तिथं होती, एवढीच. बाकीचं तनुजा मॅडमनी पदरचं घातलं होतं, तेही चांगल्या मनानं. वाईट मनानं घातलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

बायकांच्या झडतीला असणारी छबूबाई हे सगळं ऐकत होती. बीडकडची, तोंडाची फटकळ पण मायाळू बाई. ती पुढं झाली. "जा की दादा. अर्ध्या तासाचं तर काम हाय. तुमच्या जागंवर म्या ऱ्हाते हुबी."

ज्योतीराम गर्रकन तिच्याकडं वळला.

"माझ्या जागी कुणी उभं राहायचं न्हाई!" तो एवढ्यानं ओरडला की आत यायला थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं काच खाली करून पाहिलं.

छबूबाईला काय ठाऊक, ती कुणाचे शब्द बोलली ते. सव्वीस वर्षांपूर्वी असेच दुपारचे पावणेतीन वाजले होते. पहारा ज्योतीरामचा होता. घरून पत्र आलं होतं, मुलगी झाली, नाव कळव. चौकीवरचा सोबती किसन बोडके म्हणाला, "जा लेका, चांगलं नाव शोध. तुझ्या जागी अर्धा तास मी उभा राहतो." ज्योतीराम खाली बंकरमध्ये जाऊन बसला, आणि नावापर्यंत पोचायच्या आधीच वर गोळा पडला. कागदोपत्री तो पहारा किसनचाच लागला. कुणी विचारलं नाही, यानंही सांगितलं नाही. नोकरी झाली, पेन्शन झालं, दिघीत दोन खोल्या झाल्या. लेकीचं लग्नसुद्धा झालं. एवढं सगळं झालं, पण पहाऱ्याची जागा सोडायची म्हटलं की त्याचे पाय आजही जमिनीला खिळायचे.

"साहेब थांबलेत, तीनशे माणसं थांबलीत," मॅडम आता रडकुंडीला आल्या होत्या. "लोकांच्या बस लागल्यात. तुमचाच मान आहे ना हा?"

"मान किसनचा हाय, मॅडम."

"कोण किसन?"

सव्वीस वर्षांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तो तोंड उघडणार, एवढ्यात शेडकडून मोठे साहेबच हसत आले, मागं ताट घेतलेला माणूस, फोटोवाला आणि सगळी पहिली शिफ्ट. "तुम्ही येत नाही तर आम्ही येतो! ड्यूटी म्हणजे ड्यूटी. बघा रे, शिका जरा." साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि तोंडापुढं माईक धरला. "दोन शब्द बोला."

ज्योतीरामनं माईककडं पाहिलं. मग समोरच्या माणसांकडं पाहिलं. एवढी माणसं आपल्याकडं बघताहेत आणि ती फ्लेक्सवरच्या दुसऱ्याच कुणाकडं बघताहेत, हे त्याला सोसवेना.

"त्या दिवशी पहारा माझा होता," तो म्हणाला. "मी पत्र लिहायला खाली गेलो. माझ्या जागी किसन बोडके उभा होता. आटपाडीचा. तो गेला. मी काही राखलं न्हाई. मी त्याच्या घरीसुद्धा कधी गेलो न्हाई."

तनुजा मॅडमनी खाली पाहिलं. आता कुणीतरी काहीतरी बोलेल, शिवी देईल, शाल काढून घेईल, असं ज्योतीरामला वाटलं. त्याला तेच हवं होतं.

साहेबांनी माईक आपल्याकडं वळवला. "याला म्हणतात नम्रता!" त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "सगळं श्रेय मित्राला. आहे का आपल्यात एवढं मोठं मन?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी 'भारत माता की जय' म्हणालं, तेही तीनदा झालं. फोटोवाल्यानं नारळ जरा वर धरायला सांगितलं. मग बसचे हॉर्न वाजू लागले आणि पाच मिनिटांत गेट मोकळं झालं.

छबूबाईनं टाळी वाजवली नव्हती. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"त्येच्या घरी कोण हाय?"

"आई व्हती. बायको." ज्योतीरामनं हातातल्या नारळाकडं पाहिलं. "पोटुशी व्हती तवा. काय झालं, पोरगा का पोरगी, मी इचारलंच न्हाई."