मुक्कामाची रात्र

जनगणनेचा नियम वत्सलाबाई घुगे यांना पाठ होता: रात्री बारा वाजता जो घरी मुक्कामाला असेल, त्यालाच मोजायचं. नव्या कायद्यानं यंत्रंही रहिवासी ठरली होती आणि त्यांची मतं मालक कंपनी देणार होती, म्हणून बाई गावाबाहेरच्या गोदामात आल्या होत्या.

“चार हजार एकशे बारा,” मॅनेजर तिडके म्हणाले. “सगळी हजर.”

“पण ही तर रात्री घरोघर माल पोचवतात ना?”

“काल नाही, बाई. संध्याकाळी सहानंतर एकही यंत्र बाहेर सोडायचं नाही, असा वरून हुकूम होता. एवढी मतं कंपनी थोडीच सोडणार? चहा घ्या.”

बाईंचं पेन थांबलं. सकाळी त्या गावातल्या धोंडाबाईंच्या घरी मोजणीला गेल्या होत्या, तेव्हा अंगणात तिरडी बांधत होते. मागवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रात्री आलाच नाही, असं सून सांगत होती.

चहा बाजूला सारून त्यांनी यंत्रांचा आकडा लिहिला. मग सकाळी जे खोडायला हात धजला नव्हता, ते धोंडाबाईंचं नाव गावाच्या यादीतून खोडलं. धोंडाबाई अकरा वाजता गेल्या होत्या. बारा वाजता त्या घरी नव्हत्या.