पडद्यावरचं शून्य

आमचा प्रोग्रॅम टाकीतला गॅस मोजायचा, पण चालता चालता संगणकाची मेमरी गिळत जायचा आणि शेवटी गोठायचा. म्हणून कंट्रोल रूममधले काका रोज सकाळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करत. "काका, याला दुरुस्ती नाही, लाड म्हणतात," मी म्हणालो आणि मेमरीची गळती शोधायला, कोणी मध्येच संगणक बंद करू नये म्हणून त्याच्या बटणावर चिकटपट्टीच लावून टाकली. तिसऱ्या दिवशी माझा मेहुणा टाकी धुवायला उतरला. पडद्यावर गॅस शून्य. "इंजिनिअरसाहेब," काका म्हणाले, "पडद्यावरचं घड्याळ दहावरच कसं?" भिंतीवर साडेअकरा झाले होते. म्हणजे ते शून्यही दहाचंच. मी टाकीतल्या इंटरकॉमवर फोन लावला. "बोला भावोजी," म्हणत मेहुणा हसला आणि हसतच राहिला. माझा जीव भांड्यात पडला. "मजेत आहे," मी काकांना सांगितलं. काकांचा चेहरा पांढराफटक झाला. "हा गॅस चढला की माणूस आधी हसतो."